गोगलगाय आणि पोटातली गोळी

अमेरिकेत ओढ्यातल्या झिंग्यालासुद्धा टेन्शनची गोळी मिळते. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, नंबर लावावा लागत नाही, घरच्यांपासून लपवून खावी लागत नाही. शहराच्या गटारातून ती आपसूक त्याच्या दाराशी येते, तीही विरघळून, म्हणजे गिळायचा त्रास नाही. आमच्या टेंभुर्णीतल्या माणसाला तीच गोळी हवी असेल तर आधी त्याला स्वतःला कळावं लागतं की आपल्याला काहीतरी झालंय. मग ते घरच्यांना पटावं लागतं. मग घरचे म्हणतात, आधी बाहेरचं काही आहे का ते बघून येऊ. ते बघून झालं, लिंबू उतरवून झालं, आणि तरी माणूस शिल्लक असला, तर त्याला जालन्याची एसटी धरावी लागते.

टेंभुर्णी म्हणजे सोलापूरकडची नव्हे. ती हायवेवरची, उसातली, पुणे-सोलापूर करताना चहाला थांबायची. आमची जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली, कापूस-सोयाबीनची. नाव घेतलं की लोकांना आधी तीच आठवते. सरकारी योजनांचंही बहुधा असंच होत असावं.

तर झिंगा. खरं म्हणजे क्रेफिश. नांग्या खेकड्याच्या आणि अंग झिंग्याचं असलेला हा गोड्या पाण्यातला प्राणी आपल्याकडे नसतो, म्हणून झिंगा म्हणालो. फ्लोरिडा विद्यापीठातले अलेक्झांडर रायझिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम ओढे तयार केले, त्यांत क्रेफिश सोडले आणि पाण्यात सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध मिसळलं. लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम, दोन आठवडे. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. औषधाच्या पाण्यातले क्रेफिश आपल्या आडोशातून लवकर बाहेर पडायला लागले आणि अन्नाचा वास येईल तिकडे कितीतरी जास्त वेळ रेंगाळायला लागले. भीती गेली, भूक लागली. माणसात एवढं झालं असतं तर डॉक्टरने नातेवाइकांना पेढे आणायला सांगितले असते. ओढ्यात मात्र भीती गेलेला क्रेफिश बगळ्याच्या नजरेस आधी पडतो. आडोशाला दडून बसण्यावरच त्याच्या शेकडो पिढ्यांनी दिवस काढले होते.

अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे किती? आमच्या जिल्ह्यात पाण्याचा हिशेब टँकरमध्ये होतो, तेव्हा तसाच मांडतो. 20 मिलिग्रॅमची एक गोळी घ्या आणि 10 हजार लिटरच्या चार टँकरांत मिळून विरघळवा. झालं ते पाणी तयार. एवढ्यावर क्रेफिश शूर होतो. आमच्याकडे चार टँकर एकदम आले तर माणसं गोळीशिवायच शूर होतात, ते सोडा.

शूर खेकड्याचं महाराष्ट्राला तसं नवल नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वस्ती वाहून गेली, माणसं गेली, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी बोट दाखवलं ते खेकड्यांकडे. धरण म्हणे खेकड्यांनी पोखरलं. मग विरोधकांनी खेकडे धरून पोलीस ठाण्यात हजर केले. सगळा महाराष्ट्र हसला. आरोपीची मानसिक तपासणी करावी, हे मात्र कुणाला सुचलं नाही. आता शास्त्रीय आधार मिळाला आहे. खेकड्याचा वकील उभा राहून म्हणू शकतो की माझा अशील घटनेच्या वेळी औषधाच्या अमलाखाली होता. बांधकाम करणारे कशाच्या अमलाखाली होते, हा प्रश्न तिवऱ्याच्या लोकांनी तेव्हाही विचारला होता.

आता गोगलगाय. मराठवाड्यात 2022 च्या खरिपात शंखी गोगलगायींनी लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोंब साफ केले. तेव्हापासून गोगलगाय दिसली की आमच्या लोकांचा हात पहिल्यांदा विषाच्या पुडीकडे जातो. पण ती शेतातली, परदेशातून आलेली. पाण्यातली गोगलगाय वेगळी, गरीब. दगडाला चिकटून शेवाळ खरवडत बसणारी. अमेरिकेतल्या गेटिसबर्ग कॉलेजात पीटर फाँग या प्राध्यापकाने अशा गोगलगायींच्या पाण्यात व्हेन्लाफॅक्सिन आणि सिटॅलोप्रॅम ही दोन औषधं घातली. 2012 मध्ये त्यांनी लिहिलं की नद्यांमध्ये खरोखर सापडतात तेवढ्याच मात्रेला गोगलगायींचे पाय दगडावरून सुटतात. पुढच्याच वर्षी त्यांनी समुद्रातल्या पाच जातींवर तोच प्रयोग केला, त्याही सुटल्या. गोगलगाय आणि पोटात पाय, असं आपण लबाड माणसाला म्हणत आलो. इथे खऱ्या गोगलगायीचा पोटातला पायच निकामी झाला. वाहत्या पाण्यात दगड सुटला की संपलं. प्रवाह नेईल तिकडे, समोर येईल त्याच्या तोंडात.

याच फाँग यांनी 1998 मध्ये त्याआधीचा बार उडवला होता. प्रोझॅक म्हणजे फ्लुओक्सेटिन अमेरिकेत 1987 च्या डिसेंबरात मंजूर झालं. दहाएक वर्षांनी फाँग यांनी फ्लुओक्सेटिन आणि त्याची भावंडं झेब्रा शिंपल्यांच्या पाण्यात टाकली, तर शिंपल्यांनी अवेळी अंडी आणि वीर्य सोडायला सुरुवात केली. फ्लुव्होक्सामीन त्यात सगळ्यात जहाल निघालं. गंमत बघा. माणसात या औषधांची जी एक नेहमीची तक्रार असते ती नेमकी उलटी आहे. पेशंट ती सांगायला डॉक्टरपुढे मान खाली घालून बसतो, बायको बाहेर बाकड्यावर असते, आणि शेवटी दोघंही रक्तदाबावर बोलून उठतात. तीच गोळी शिंपल्याला मात्र वाजंत्री लावते. आणि हा झेब्रा शिंपला म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत बाहेरून घुसलेला, पाण्याचे पाइप बुजवणारा उपद्व्यापी प्राणी. त्याचीच लग्नसराई.

इंग्लंडात पोर्ट्समथ विद्यापीठात खाडीकाठच्या एका बारक्या कोळंबीसारख्या जिवावर प्रयोग झाला. फ्लुओक्सेटिनच्या पाण्यातले ते जीव अंधार सोडून उजेडाकडे पोहायला लागले, साध्या पाण्यातल्यांपेक्षा पाचपट. 2010 ची गोष्ट. उजेडात पक्षी असतो. गंमत अशी, की काही परजीवी कृमी अनादी काळापासून हेच करत आले आहेत. त्यांना पक्ष्याच्या पोटात पोचायचं असतं, म्हणून ते या जिवाच्या मेंदूतलं रसायन बिघडवतात आणि त्याला उजेडाकडे धाडतात. कृमीला जे जमायला लाखो वर्षं लागली ते औषध कंपन्यांनी पंचवीस वर्षांत करून दाखवलं, तेही नकळत.

इथे कुणीही विचारेल की गोगलगायीला कसलं नैराश्य? नाहीच. तिच्यावर उपचार होत नाहीये, तिच्यावर उपचाराचा मारा होतोय. मुद्दा असा, की ही औषधं ज्याच्यावर काम करतात ते सिरोटोनिन काही माणसाची खासगी मालमत्ता नाही. गोगलगायीचा पाय, शिंपल्याची वीण, खेकड्याची भांडणाची खुमखुमी, सगळं त्याच रसायनावर चालतं. लॉब्स्टरला सिरोटोनिनचं इंजेक्शन दिलं की तो नांग्या उचलून सरपंचासारखा उभा राहतो, हे हार्वर्डमधल्या मंडळींनी 1980 सालीच दाखवलं होतं.

त्याहून खाशी गोष्ट बेटी ट्वॅरॉग यांची. माणसाच्या मेंदूत सिरोटोनिन असतं हे आज शाळेतलं पोरही रीलवर ऐकतं, पण ते कळलं कुणामुळे? शिंपल्यामुळे. समुद्रातला कालवासारखा शिंपला खडकाला धाग्यांनी धरून बसतो. ते धागे ओढून धरणारा स्नायू एकदा आवळला की तासन्‌तास सुटत नाही. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या ट्वॅरॉग यांना प्रश्न पडला की तो सोडवतं कोण. उत्तर मिळालं: सिरोटोनिन. तोवर हे रसायन रक्तवाहिन्या आवळणारं म्हणून माहीत होतं, मेंदूशी त्याचा संबंध कुणी लावलेला नव्हता. ट्वॅरॉग यांनी विचार केला की शिंपल्याच्या नसांत हे असेल तर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत का नसेल? क्लीव्हलंडला अर्विन पेज यांच्या प्रयोगशाळेत त्या गेल्या, शोधलं आणि सापडलं. 1953 मध्ये पेज यांच्यासोबत ते छापलं. पुढच्या सगळ्या गोळ्यांचा कारखाना या शोधावर उभा आहे. म्हणजे शिंपल्याने आपल्याला वाट दाखवली. आपण त्याचे आभार मानले ते त्याच्याच पाण्यात गोळी टाकून. गावाकडे याला उपकाराची फेड म्हणतात आणि तशी बऱ्याच जणांची होते.

आता दुसरी बाजू, कारण सदर तिरकस असलं तरी डोळे सरळ असावेत. हे सगळे प्रयोग एकमेकांशी जुळतात असं नाही. इंग्लंडच्या ब्रुनेल विद्यापीठातले जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये फ्लुओक्सेटिनवरचे अहवाल समोरासमोर ठेवले आणि नाक मुरडलं. एका प्रयोगात अगदी चिमूटभराने परिणाम होतो, दुसऱ्यात त्याच्या हजारो पट टाकलं तरच होतो, असं कसं? सम्प्टर काही औषध कंपन्यांचे हस्तक नव्हेत. नद्यांतल्या नर माशांचं मादीकरण होतंय हे जगाला सांगणाऱ्यांतले ते आहेत. अशा माणसाने थांबा म्हटलं की थांबावं. मेलबर्नच्या ओढ्यांत मात्र प्रयोगशाळेची भानगड नव्हती, थेट ओढ्यातल्या किड्यांच्याच अंगात तपासणी झाली. पाण्यातल्या किड्यांत 69 औषधं सापडली, त्या किड्यांवर जगणाऱ्या काठच्या कोळ्यांतही सापडली. 2018 च्या त्या अहवालात हिशेब मांडला होता की तिथल्या प्लॅटिपसच्या पोटात किड्यांवाटे माणसाच्या रोजच्या डोसच्या निम्म्यापर्यंत नैराश्यावरचं औषध जाऊ शकतं. प्लॅटिपसने फी दिली नाही.

हे वाचून गावात कोण सगळ्यात खूश होईल, ते मला आत्ताच दिसतंय. घराघरात एक काका असतात. त्यांना गोळ्यांचा मूळचाच राग. सून सहा महिने रात्री झोपत नाही, चुलीपुढे बसून रडते, शेवटी हिंमत करून डॉक्टरकडे जाते, गोळ्या आणते, आणि काकांना एकाएकी निसर्गाचं प्रेम उफाळून येतं. बघ, पेपरात आलंय, गोगलगायीसुद्धा मरतात याने. काका स्वतः कपाशीवर बिनदिक्कत इमिडाक्लोप्रिड मारतात आणि पंप ओढ्यात धुतात. पाण्यातल्या किड्यांचा त्यात जो निकाल लागतो तो बघायला सूक्ष्मदर्शकसुद्धा लागत नाही. युरोपाने 2018 मध्ये त्या औषधाला उघड्या शेतातून हाकललं. काकांच्या पंपात ते अजून मानाने आहे. तेव्हा काकांसाठी स्पष्ट लिहून ठेवतो: जिला गोळी लागू पडली आहे तिने ती गोगलगायीसाठी बंद करू नये, आणि मनाने एकदम तर मुळीच बंद करू नये. नदी साफ करायची जबाबदारी कुणाच्या तरी सुनेच्या मूत्रपिंडावर टाकायची, हे आपल्या परंपरेला शोभणारं असलं तरी.

आता आपल्याकडे किती वाहतं ते बघू. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की देशात नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. शंभरातले पंधरा. टेंभुर्णीच्या आसपासच्या ओढ्यांतला खेकडा अजून आपल्या बिळात शहाण्यासारखा दडून बसत असेल तर त्याचं बरंचसं श्रेय या 85 जणांना द्यायला हवं. एवढं मोठं पर्यावरण रक्षण, आणि एकाही शाल-श्रीफळात त्यांचं नाव नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा सरकारने 2015 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला. जालना त्यात आहे. आशाताई घरोघर प्रश्नावली घेऊन जाणार आणि विचारणार, झोप लागते का, जगावंसं वाटतं का. अंगणात सासू, दीर, दोन शेजारणी आणि एक फवारणीवाला उभा असताना माणूस या प्रश्नाला जे उत्तर देईल ते आशाताईंनी लिहून घ्यायचं. बहुतेक जण म्हणतात, बरं चाललंय. फॉर्म भरला जातो. 2022 च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तो इथे छापायचं कारण विनोद नाही.

राज्यात मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. म्हणून जालन्यात 365 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. आकडा मोठा विचारपूर्वक काढलेला दिसतो, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक खाट. लीप वर्षात 29 फेब्रुवारीला मराठवाड्यात कुणी खचून जायचं नाही.

म्हणजे खाणारे कमी, म्हणून आपण सुरक्षित? तसंही नाही. आपण गोळी खात नसू, बनवतो तर जगासाठी. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या पटानचेरूचं पाणी तपासलं. सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र 'शुद्ध' करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेलं पाणी. 2007 मध्ये आकडे आले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत. शेतकऱ्याच्या मापात सांगायचं तर 16 लिटरच्या फवारणी पंपात 500 ची एक आख्खी गोळी. आणि त्याच यादीत खाली आपलं ओळखीचं सिटॅलोप्रॅम, लिटरला 770 ते 840 मायक्रोग्रॅम. तिकडे फ्लोरिडात चार टँकरांत एक गोळी टाकून क्रेफिश शूर झाले म्हणून लेख छापला. इथे पंचवीस लिटरला एक गोळी, तीही शुद्धीकरणानंतर. या पाण्यात क्रेफिश सोडला असता तर त्याने निवडणूक लढवली असती.

पटानचेरू लांब आहे म्हणून हात झटकू नका. तिथला नक्कावागू ओढा मांजरेत जातो, मांजरा गोदावरीत. आमच्या तालुक्यातली जीवरेखा पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. नांदेडच्या सीमेपलीकडे कंदकुर्तीला मांजरा गोदेला मिळते तेव्हा टेंभुर्णीचं पावसाळी पाणी आणि पटानचेरूचं बारमाही पाणी एकमेकांना भेटतात. पाहुणे म्हणायला हरकत नाही. आणखी जवळचं नातं हवं असेल तर संभाजीनगरची खाम नदी बघा. शहराचं सांडपाणी घेऊन ती नाथसागराकडे जाते, आणि नाथसागराचं पाणी पैठणहून पाइपने जालना शहराच्या नळाला येतं. पूर्वी पैठणची कीर्ती एकनाथांमुळे आणि पैठणीमुळे होती.

बरं, जालन्याचं पाणी प्यायला योग्य आहे की नाही ते कोण ठरवतं? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500. त्यात जंतू आहेत, फ्लोराइड आहे, नायट्रेट आहे, शिसं आहे, कीटकनाशकंही आहेत. औषधांचा उल्लेख नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायांना पाणी तपासायचं किट दिलं आहे. त्या मन लावून क्लोरीन बघतात, फ्लोराइडचा रंग जुळवतात. पाण्यात कुणाची टेन्शनची गोळी आली हे त्या किटला कळत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ज्याचा रकाना नाही ते नसतं, हा आपल्या प्रशासनाचा अद्वैत सिद्धांत.

सांडपाण्याचंही तेच. 2021 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबात देशातली शहरं रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी सोडतात आणि त्यातलं 20,236 दशलक्ष लिटरच प्रत्यक्ष प्रक्रिया होऊन बाहेर पडतं. हा हिशेब फक्त शहरांचा. आम्ही खेड्यातली माणसं सांडपाणी सोडतच नाही, अशी सरकारची आमच्याबद्दल समजूत असावी. आणि जिथे प्रक्रिया होते तिथलेही कारखाने शेण-मूत काढायला बांधलेले आहेत, औषध काढायला नाहीत. त्यातून उन्हाळ्यात आमच्या नद्यांना स्वतःचं पाणीच नसतं. पात्रातून जे वाहतं ते गटारच, त्यात पातळ करायला थेंब मिसळणारं कुणी नाही. युरोपातल्या नदीत गोळी विरघळते. आमच्या नदीत ती मुरते.

स्वित्झर्लंडने 2016 पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना ओझोनचा किंवा कोळशाचा आणखी एक टप्पा लावायला सुरुवात केली आहे. युरोपीय संघाचा नवा निर्देश 1 जानेवारी 2025 ला लागू झाला. त्यात म्हटलंय की या जादा टप्प्याचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी उचलायचा. कंपन्यांनी लगेच कोर्ट गाठलं. कोर्टात जाण्यापुरतं तरी तिथे काही घडलं. आपल्याकडे जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत याच्या मर्यादा मसुद्यात आल्या, 121 औषधांच्या. उद्योगांनी हरकती घेतल्या. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा त्या मर्यादा तेवढ्या गायब होत्या. मसुदा गंगेत न्हाला. आणि 2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी उरलेल्या गोळ्यांचं काय करावं याची मार्गदर्शिका काढली. त्यात 17 औषधांबद्दल सल्ला आहे की ती घरात ठेवू नका, संडासात टाकून पाणी ओता. कारण ती चुकीच्या हाती पडून माणसं मरतात. कारण खरं आहे, सल्लाही चूक नाही. संडासाच्या पलीकडे कुणाचे हात आहेत एवढंच त्यात लिहिलेलं नाही. गोगलगायीला हात नसतात म्हणून बहुधा.

मी हा विषय एखाद्या ग्रामसभेत काढून बघायचं ठरवलं तर काय होईल ते सांगता येतं. आयत्या वेळच्या विषयांत तो येईल, म्हणजे निम्मे लोक चप्पल शोधत असतील तेव्हा. मी म्हणेन, नदीतल्या खेकड्यांची तपासणी व्हावी. मागून कुणीतरी विचारेल, खायला की मोजायला? ग्रामसेवक विचारतील, लेखाशीर्ष कोणतं? मी म्हणेन, औषधाचं पाणी गटारातून नदीत जातं, म्हणून. मग एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी आयुष्यात एकही गोळी खाल्ली नाही आणि एकही ठराव वाचला नाही, ते शांतपणे म्हणतील, "मास्तर, आधी आमच्या गल्लीत गटार तर येऊ द्या. आत काय वाहतंय ते मग बघू."